पंगतीतली ओली जागा

१

दुपारची भाकरी गुऱ्हाळावर पोचवायची, हे जोतीरामचं उन्हाळ्यापासूनचं काम. थोरला भाऊ मानसिंग लढाईवरून परत आला तो छातीत लोखंडाचा तुकडा घेऊनच. नांगर, मोट काही त्याला झेपत नव्हतं. आप्पासो चुलत्याचं गुऱ्हाळघर दिवाळीपर्यंत बंद असायचं. त्याच्या आतल्या लांब भिंतीवर मानसिंग दिवसभर चित्र काढत बसायचा. जोतीरामनं भाकरी न्यायची, दोघांनी एका फडक्यावर खायची, मग भावानं भिंतीकडं हनुवटी उडवून विचारायचं, "कसं दिसतंय रं?" आणि जोतीरामनं तोंडातला घास न गिळताच म्हणायचं, "लय झ्याक, दादा."

भादव्यात मानसिंग गेला. तेरावं झालं, पाव्हणे पांगले. दुसऱ्या दिवशी दुपारी जोतीराम गुऱ्हाळाच्या दारात उभा होता आणि त्याच्या हातात फडक्यात बांधलेली भाकरी होती. आपण ती कधी उचलली हे त्याला आठवेना. राहीबाईला, त्याच्या आईला, विचारलं असतं तर आपण ती कधी बांधली हे तिलाही सांगता आलं नसतं.

तो आत गेला. उसाचा रस उकळायचं चुलवाण थंड होतं. मोठी काहील भिंतीला टेकवून उभी केलेली. जुन्या गुळाचा वास आणि त्या वासामागं लागलेल्या मुंग्यांची रांग, सगळं नेहमीसारखं. फक्त एक वास जास्त होता. ओल्या चुन्याचा.

चित्रात गावजेवणाची पंगत होती. पंगतीच्या मधोमध एक माणूस बसेल एवढी जागा कोरी होती. ती भरायच्या आधीच मानसिंगनं अंथरूण धरलं होतं. जोतीरामनं त्या कोऱ्या चुन्याला बोट लावलं.

बोट आत गेलं.

त्यानं बोट काढून पाहिलं. पांढरं, गार, लोण्यासारखं. मानसिंग रोज पुरेल एवढाच गिलावा थापायचा आणि तो वाळायच्या आत रंग भरायचा. शेवटचा गिलावा थापला त्याला आता महिना होत आला होता.

पाटाचं पाणी मुरलं असेल, जोतीराम मनाशी म्हणाला. भिंतीमागं आप्पासोचा ऊस होता, पाट जवळूनच जायचा. पण मुरलेलं पाणी जमिनीकडून वर चढतं. इथं खालची भिंत ठणठणीत कोरडी होती. ओल होती ती एवढ्याच ठिकाणी, मांडी घालून बसलेल्या माणसाच्या आकाराची.

२

मानसिंगला चित्र कुणी शिकवलं नव्हतं. लढाईत इटली नावाच्या मुलखात त्याची तुकडी एका पडक्या देवळात मुक्कामाला होती. त्या देवळाच्या भिंतीवर पंगत काढलेली होती. त्यांचा देव मधे, भोवती त्याची माणसं, आणि प्रत्येकाच्या डोक्यामागं सोन्याचं गोल ताट. भिंत गोळ्यानं अर्धी उडाली होती. मानसिंग चित्राकडं बघत राहिला तसा त्या तुटक्या कडेकडंही बघत राहिला. रंग वर लावलेला नव्हता, चुन्याच्या पोटात उतरला होता. तेवढ्यावरून त्यानं सगळं ताडलं.

त्याचे रंग घरातले. गेरू, पिवळी माती, काजळी, धुण्याची नीळ. कुंचला म्हणजे बाभळीची काडी, टोक चावून मऊ केलेली. आणि त्यातून त्यानं जे उभं केलं होतं ते बघून जोतीरामच्या अंगावर दरवेळी काटा यायचा. हळदीत न्हाल्यागत पिवळा खंडोबा, त्याची तलवार गुडघ्याशी आडवी. खांद्यावर घोंगडं घेतलेला बिरोबा. कुत्र्याला मांडीशी चेपून बसलेला भैरोबा. सगळे मांडी घालून, पुढं पत्रावळी, हात आवरून थांबलेले. वाढायला आठ हातांची देवी. एका हातात पळी, एकात तांब्या, एकात भाकरीची चवड, एकात तुपाची वाटी. दुसऱ्या कुणी तिच्या हातात शस्त्रं दिली असती.

"आठ हात कशापायी?" जोतीरामनं विचारलं होतं.

"आयला वाढताना बघ कवातरी. आठबी कमी पडत्यात."

आणि देवीचं तोंड आईचंच होतं. कपाळावरच्या गोंदणासकट.

पंगतीतल्या देवांची तोंडंही ओळखीची होती. गावची जी पोरं लढाईला गेली आणि आली नाहीत, त्यांची. बिरोबा म्हणजे साळूबाईचा शिदू. साळूबाई पहिल्यांदा आली तेव्हा भिंतीपाशी गेली आणि एकदम मानसिंगवर डाफरली.

"मुडद्या, त्याच्या डोक्यामागं ही परात कसली लावलीस?"

"परात न्हवं, मावशे. त्याचीच पितळी हाय. तुज्याकडनं मागून न्हेली न्हवती का?"

त्याची हीच रीत होती. मेलेल्या पोराच्या घरी जायचं, त्याची जेवायची पितळी मागून आणायची, ओल्या गिलाव्यात दाबायची. पितळीचा काठ चुन्यात उमटायचा, मग त्या गोलात पिवळी माती भरायची. इटलीतल्या देवळात सगळ्यांची ताटं सारखी होती. मानसिंगच्या भिंतीवर प्रत्येकाचं वेगळं. कुणाचं लहान, कुणाचं मोठं, कुणाच्या काठाला नक्षी.

"ज्याचं घरचं जेवण सरलं," तो साळूबाईला म्हणाला, "त्याची पितळी देव मागं टांगतो. वळखू यावा म्हणून. न्हाईतर येवढ्या गर्दीत कोण कुनाचा?"

साळूबाईनं पितळीच्या गोलावरून बोट फिरवलं आणि मग दर सोमवारी ती तिथं भाकरी ठेवायला यायला लागली. तिच्या भाकरीचा तुकडा कुत्रीमांजरं खायची. पण मानसिंग होता तोवर तिनं त्याला पुन्हा कधी शिवी दिली नाही.

३

त्याआधी, येरळा नदीच्या वाळूत मानसिंगच्या दहाव्याचा पिंड ठेवला तेव्हा कावळा शिवेना. झाडावर कावळे होते, खाली उतरत होते, पिंडाभोवती चालतही होते. शिवत नव्हते.

आप्पासोनं हात जोडून सांगितलं, "तुज्या आयला बघू, बाबा." कावळा गेला नाही की शिवला नाही. कुणी म्हणालं, "जोत्याचं लगीन करू." काही नाही. ऊन चढलं. राहीबाई पदर तोंडात कोंबून बसली होती. जोतीरामला ते बघवेना. तो असाच होता, आधी तोंड आणि मग डोकं. तो उठला आणि ओरडला,

"दादा, तुजं चित्र मी पुरं करीन!"

शब्द संपायच्या आत कावळ्यानं पिंडात चोच घातली. एक नाही, सगळे उतरले.

"सुटला," लोक म्हणाले आणि उठले. जोतीराम वाळूत उभाच राहिला. त्यानं आयुष्यात कधी कुंचला धरला नव्हता. शाळेत पाटीवर त्याचा 'क' सुद्धा सरळ उभा राहत नसे.

४

"चित्र चांगलंच हाय रं," आप्पासो म्हणाला. "पर माजा धंदा चित्रावर न्हाई चालत. दिवाळीला चुलवाण पेटलं की धुरानं काय ऱ्हायाचं हाय तसंबी? भिंत साफ करून चुना मारून घेतो. गुळाला काजळी नगं."

"पुरं झाल्याबिगर हात लावायचा न्हाई, काका."

"मग पुरं कर की. कोण नगं म्हंतंय?"

"पुरं झालं तर ऱ्हाऊ द्याल?"

आप्पासोनं चित्राकडं पाहिलं. खंडोबाचं तोंड लढाईवरून न परतलेल्या त्याच्या दुसऱ्या एका पुतण्याचं होतं. त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. "पुरं झाल्यालं देवाचं चित्र पुसायला माजं काय काळीज दगडाचं हाय? पर अर्धवट नगं, गड्या. अर्धवट देव बरा न्हवं."

कोऱ्या जागेत कुणाला बसवायचं, याबद्दल जोतीरामला शंका नव्हती. बाकीची सगळी पोरं गेली, दादा तेवढा परत आला. तुकडीतला एकटा. तो जागा ठेवणार ती स्वतःसाठीच. आता तोही गेला होता. त्याला त्याच्या माणसांत बसवायचं, की झालं.

घरी मानसिंगची पितळी फळीवर पालथी घातलेली होती. वर्षश्राद्धापर्यंत तिच्यात कुणी जेवायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत. जोतीरामनं ती काढली आणि धोतराच्या सोग्यात गुंडाळून गुऱ्हाळावर गेला.

५

चुना ओलाच होता. त्यानं पितळी दोन्ही हातांत धरली, कोऱ्या जागेच्या वरच्या अंगाला नेली, आणि थांबला.

तिथं आधीच एक गोल उमटलेला होता.

कालपर्यंत तो होता की नव्हता? जोतीरामला शपथेवर सांगता आलं नसतं. उजेड तिरपा पडला तरच दिसेल असा बारीक काठ होता. दादानं करून ठेवला असेल, तो म्हणाला. आजारी पडायच्या आधी स्वतःची पितळी दाबून ठेवली असेल. त्यानं हातातली पितळी त्या गोलावर धरली.

पितळी मोठी होती. गोल लहान.

आणि गोलाच्या एका बाजूला काठ आत चेपलेला होता.

मानसिंग पलटणीत भरती व्हायला निघाला तेव्हा जोतीरामला मिसरूडसुद्धा फुटलं नव्हतं. "मलाबी ने" म्हणून त्यानं घर डोक्यावर घेतलं होतं. आईनं जेवायला वाढलं तर जेवणासकट आपली पितळी उंबऱ्यावर आपटली होती. मानसिंग हसला होता. चेपलेला काठ त्यानं दगडानं ठोकून पाहिला, पण तो पुरता सरळ झाला नाही. "आता एवढ्यानं काय हुतंय," तो म्हणाला होता. "मी फुडं जातो, जागा धरून ठेवतो. मग ये तू."

जागा धरायची त्याला सवयच होती. कुठल्याही जत्रेच्या पंगतीत तो आधी घुसायचा, शेजारी आपली टोपी टाकायचा आणि गर्दीवरून हाक मारायचा, "जोत्या, हिकडं!"

जोतीरामनं ओल्या गोलाला हात लावला नाही. तो घरापर्यंत पळत आला.

राहीबाई भाकरी थापत होती. तो जे बोलला ते तिनं तव्याकडं बघत ऐकलं. भाकरी उलथली, शेकली, उतरवली. मग हात पुसून त्याच्याबरोबर चालू लागली. गुऱ्हाळात शिरल्यावर तिनं भिंतीजवळ तोंड नेलं आणि तो चेपलेला काठ बघितला. वर तिचंच तोंड असलेली देवी आठ हातांनी वाढत होती.

"दादानं न्हेली असंल की गं माजी पितळी कवातरी," जोतीराम म्हणाला. "उन्हाळ्यात."

"कवा न्हेली? तिन्ही तिरकाळ तू तिच्यात जेवतोयस." ती वळली. "मला इचारल्याबिगर माज्या चुलीम्होरनं काडी हालत न्हाई, जोत्या."

"मग ह्ये..."

"घरला चल. नगं पुरं करूस."

"पिंडाम्होरं बोललोय, आय. पुरं न्हाई केलं तर त्यो आडकून पडंल."

राहीबाई भिंतीकडं पाठ करून उभी राहिली. बोलली तेव्हा तिचा आवाज भिंतीला ऐकू जावा असा होता.

"एक पोरगं दिलंया. दुसरं न्हाई देणार. त्या जागंला मानसिंगलाच बसव."

६

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दाराबाहेर चिपाडाच्या ढिगावर बसली. "मी बोलत ऱ्हाते," ती म्हणाली. "आवाज येतोय तवर काम कर. थांबला की भायेर ये."

जोतीराम आत गेला. त्यानं हाताच्या तळव्यानं तो लहान गोल पुसून सपाट केला आणि वर मानसिंगची पितळी दाबली. चुन्यानं ती ओढून घेतली. सुटताना चपकन आवाज आला, घास चावल्यासारखा.

बाहेर आई बोलत होती. म्हशीचं, साळूबाईच्या जावेचं, कडेगावच्या बाजारात मिरची कशी महाग झाली त्याचं. जोतीरामनं काडी काजळीत बुडवली. पहिली रेघ खांद्याची. ती त्याला जमली. त्याचा त्याला विश्वास बसेना. दुसरी रेघ मानेची, मग कान. त्याचा हात भीत होता, पण काडी भीत नव्हती. दादाच्या दातांनी चावून मऊ केलेलं तिचं टोक चुन्यावरून घरची वाट चालावं तसं चाललं होतं. जोतीरामच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तरी त्याच्या मनात आलं ते हेच, की दादा, किती झ्याक हात रं तुझा.

छाती झाली. मांडी झाली. हनुवटी झाली. त्यानं काडी धुवायला मान खाली घातली तेव्हा त्याला कळलं की गुऱ्हाळात आवाज आहे. पंगत बसली की वाढून होईपर्यंत जो असतो, तोच. बोलणं नाही. पुष्कळ माणसांचे श्वास, पत्रावळी सारल्याची कुरकुर, कुणाचं तरी खाकरणं.

आई बोलतच होती. "...दमला असशील, जोत्या. पान वाढलंय. ये, बस."

भूक तर लागलीच होती. त्यानं काडी खाली ठेवली. पाय पुसले. भिंतीसमोर मांडी घालायला तो गुडघ्यात वाकला, एक हात जमिनीला टेकला, आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की आवाज दाराकडून येत नव्हता. समोरून येत होता. भिंतीच्या आतून, वरच्या बाजूनं, जिथं देवी वाढत होती. दाराबाहेर काहीच ऐकू येत नव्हतं.

उठायला त्याला जमेना. मांडी आपण होऊन दुमडत होती. धडपडीत त्याचा हात बाजूला टेकवून ठेवलेल्या मानसिंगच्या पितळीला लागला आणि ती फरशीवर पडून खणाणली, घंटेसारखी, बराच वेळ.

"जोत्या!" बाहेरून किंकाळी आली. "आरं, मी मगाधरनं हाका मारतीया! ओ का दीना झालास?"

"हाय," तो कसाबसा म्हणाला. "हाय, आय. बोल. थांबू नगंस."

ती बोलू लागली. आता ती नुसतं त्याचं नावच घेत होती, पुन्हा पुन्हा, जात्यावर बसल्यासारखी. त्या आवाजाला धरून त्यानं काडी उचलली. डोळे काढले. ओठ काढले. ओठांच्या कोपऱ्यात दादाचं ते थट्टेचं हसू त्याला काढायचं नव्हतं, पण ते आलं. शेवटी पितळीच्या गोलात पिवळी माती भरली.

त्याच्या बोटांखाली चुना कडक झाला. एका दमात, दगडासारखा.

७

चुलवाण पेटवायच्या सकाळी सगळा गाव गुऱ्हाळात जमला. लोक चित्रापुढं उभे राहिले की आपोआप हळू बोलायला लागायचे. आप्पासोनं नारळ चुलवाणापुढं फोडायचा तो भिंतीपुढं फोडला.

"भाऊ भावाला शोभला," तो म्हणाला. "कोण म्हणंल का ह्यो मधला दुसऱ्या हातचा हाय?"

साळूबाई मानसिंगच्या तोंडाजवळ गेली. "मेल्या, बसलास व्हय माज्या शिदूच्या शेजारी," ती म्हणाली आणि पदरानं त्याच्या गुडघ्यावरची धूळ पुसली.

राहीबाईनं मात्र देवीकडं मान वर केली नाही. लेकाच्या तोंडाकडं एकदा पाहिलं, पितळीच्या गोलाकडं पाहिलं, आणि "बरं झालं" म्हणून ती घरी स्वयंपाकाला गेली. जोतीरामच्या छातीवरचा धोंडा उतरला. दादा बसला होता. आपल्या माणसांत, आपल्या पितळीखाली. त्याला यापेक्षा चांगली जागा कुणी दिली नसती.

रस काहिलीत पडला. उकळी आली तशी वाफ उठली आणि आढ्यापर्यंत भरली. गुऱ्हाळात माणूस माणसाला दिसेना. गूळ करणारा गुळव्या ओरडत होता, पोरं चुलवाणात उसाची चिपाडं सारत होती. मग वाऱ्याची झुळूक दारातून आली, वाफ फाटली आणि जोतीरामला भिंत दिसली.

पंगत सरकली होती.

फार नाही. जत्रेत उशिरा आलेल्याला सामावून घ्यायला माणसं ढुंगण उचलून सरकतात तेवढीच. बिरोबानं घोंगडं आवरून घेतलं होतं. भैरोबानं कुत्र्याला दुसऱ्या मांडीशी घेतलं होतं. मानसिंग होता तिथंच होता. पण त्याच्या उजव्या अंगाला आता एक माणूस बसेल एवढा कोरा, पांढरा चुना दिसत होता. ओला. वाफेच्या उजेडात चकाकणारा. वरच्या बाजूला लहान गोल, एका अंगाला काठ चेपलेला. आणि खाली, बसायच्या जागी, कुणी तरी काजळीनं दोन झटक्यात काढलेली पलटणीतली टोपी ठेवलेली होती.

वाफ पुन्हा मिटली.

जोतीरामनं आजूबाजूला पाहिलं. आप्पासो पाक बघत होता. कुणाचंच लक्ष नव्हतं. त्याला पळावंसं वाटलं, आणि त्याहून जास्त, छाती फुटेल इतकं, जवळ जावंसं वाटलं. तो जवळ गेला. वाफेत चाचपडत त्यानं भिंतीला हात टेकला. चुना थंड होता, मऊ होता, आणि हात त्यात जरा आत गेला तेव्हा कुणी तरी तो ओळखीनं धरावा तसा धरला.

दाराकडून राहीबाईची हाक आली. खरीच दाराकडून. त्यानं दोनदा कान देऊन खात्री केली. "जोत्या, जेवून जा रं. गार हुतंय."

त्यानं हात सोडवून घेतला. भिंतीच्या अगदी जवळ तोंड नेलं आणि वाफेत कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाला,

"ऱ्हाऊ दे टोपी, दादा. पर आय हाय तवर मी घरलाच जेवतो."